अठराशे रुपयांतला खर्ज

बर्डीवर दुपारी तीन वाजता
लेखराजशेठच्या काउंटरवर अकरा हेडफोन, सगळे काळे,
आणि प्रत्येक खोक्यावर तोच एक शब्द:
महाबेस. डबल बेस. डीप बेस.
सावजीच्या पाट्यांवर जसा जो तो अस्सल.

माझ्याकडे अठराशे आहेत.
त्यातले तीनशे धनश्रीचे,
हे तिला अजून माहीत नाही.

"हा घ्या ताई, कान फाटून जाईन."
कान फाडायचे नाहीत, शेठ.
मला एक जागा ऐकायची आहे.
मोबाईलमध्ये एक तुकडा जपून ठेवलाय,
शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही,
मशीनवर बसून कोणीतरी केलेला.
एक मिनिट चाळीस सेकंदांवर सगळं थांबतं
आणि खालून, फार खालून
काहीतरी सरकत येतं.
कोराडीकडे जाणारी कोळशाची मालगाडी
रात्री अडीचला आधी आमच्या माठातल्या पाण्याला कळते,
मग आम्हाला,
तसं.

पहिल्यात ते आलंच नाही.
दुसऱ्यात आलं, पण सुजून,
ट्रॅक्टरवरच्या डीजेसारखं धम्म धम्म,
बाकी सगळे आवाज त्याच्या पोटाखाली चेंगरलेले.
चौथ्यात, सातव्यात, तेच.
फुगलेलं वेगळं आणि खोल वेगळं
हे शेठला कसं सांगावं?
म्हटलं, टरबूज घेताना बोटानं वाजवून पाहता ना?
"हौ," म्हणाला, आणि पहिल्यांदाच
नीट माझ्याकडे पाहिलं.
खालच्या फळीवरून धूळ खात पडलेला एक काढला, वायरवाला.
"याला कोणी विचारत नाही.
सगळ्यांना बिनवायरचा पाहिजे."

हाही पातळच वाजला.
मी ठेवून देणार,
तेवढ्यात स्टुलावर बसून चार्जर मोजणारा त्याचा पोऱ्या, अंशुल,
मान वर न करता म्हणाला,
"चष्मा काढून पाहा ना ताई.
काडीच्या फटीतून लीक होऊन राहिला."

चष्मा काढला.
बर्डी विरघळली, शेठ विरघळला,
फुटपाथवरचे टी-शर्ट नुसते रंग झाले.
गादी कानाभोवती गच्च बसली.
एक मिनिट अडतीस. एकोणचाळीस.

माठ हलला.

साडेसोळाशे. वर कापडी गाद्यांचे एकशेवीस,
कारण रेक्झिन नागपूरच्या मे महिन्यात
उकडलेल्या बटाट्यासारखं सोलून निघतं,
हे शेठनंच सांगितलं, पैसे घेतल्यावर.
उरलेल्या तिसात उसाचा रस,
एक मला, एक अंशुलला.

घरी, तांडापेठेत,
बाबा कूलरसमोर बनियनवर बसलेला.
सव्वीस वर्षं पॉवरलूमवर काढली,
आता कुकरची शिट्टी त्याला फक्त दिसते.
फोन थरथरला की कळतो.
वरचे सगळे आवाज माग घेऊन गेला,
मागही भंगारात गेला.

"काय आणलं?"
दाखवलं. किंमत चारशेनं कमी सांगितली.
"लाव बरं मले."

त्याच्या कानांवर ते जरा मोठेच दिसत होते.
मी तुकडा सुरू केला आणि पाहत राहिले.
आधी भुवया. मग उजवा पाय,
गुडघ्यापासून हलायला लागला,
पायाखाली काही असल्यासारखा.

"हा तर तीन नंबरचा माग व्हय," मोठ्यानं म्हणाला,
कानात आवाज असला की माणूस ओरडतोच.
"असाच चालायचा. बरोबर असाच."
मग थांबला. डोकं एका बाजूला कललं.
"पण याचा धोटा कुठी गेला?"

धोटा होता.
दर दोन ठोक्यांच्या मध्ये, वर, बारीक,
टिक् टिक् इकडून तिकडे जात होता.
बर्डीवर मी तो ऐकला होता, चष्म्यासकट.

"नाही टाकला त्यांनी," मी म्हटलं.

"मंग कापड कसं निघन?" तो म्हणाला,
आणि ते काढून देईल म्हणून मी हात पुढे केला,
तर त्यानं तो बाजूला सारला.
"थांब. दोन मिनिटं थांब."